सायकलच्या घंटीतला दादा

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गणपती मंडळाची एक छोटी खोली आहे. वर्षभर तिथे सतरंज्या, समया आणि माईकचे खोके पडून असतात. खोलीच्या भिंतीवर दरवर्षीच्या सामूहिक फोटोंची रांग आहे. नवा माणूस आला की त्याला ही रांग दाखवतात, आणि एका फोटोपाशी आलं की कुणीतरी हमखास सांगतं, "या वर्षी थोरल्या काकांचे डोळे गेले. म्हणून इथून पुढचे सगळे धाकट्यांनी काढले." थोरले काका म्हणजे माझा दादा. धाकटा मी. मोबाइलवर एखादा फोटो धुरकट आला तर पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं आजही म्हणतात, "ये तो दादा-फोटो हो गया." असं म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी दादाला कॅमेऱ्यामागे कधी पाहिलेलंही नाही.

त्या वर्षी दादाचे डोळे गेले नव्हते. हे मला दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. दादाची कॅमेऱ्यामागची जागा मी तशीच घेतली. ती त्याची होती आणि चुकीच्या कारणानं गेली, एवढंच मला इथे लिहून ठेवायचं आहे. पण त्यासाठी आधी एका लेन्सबद्दल सांगावं लागेल. त्या लेन्समधून मी जे पाहिलं तसं पुन्हा कशातून पाहिलं नाही, आणि माझं घसरणंही तिथूनच सुरू झालं.

दादा रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता. आमचे आजोबा नोकरीच्या पाठी विदर्भातून इकडे आले आणि घर इथलंच झालं. मी शिकलो, सरकारी नोकरीत लागलो, भोपाळला राहिलो, माझी बोली पुस्तकी होत गेली. दादाची बोली नागपुरीच राहिली, मधेमधे होकाराला छत्तीसगढी 'हव' घालून. त्याच्याकडे तरुणपणापासून एक परदेशी कॅमेरा होता. लोखंडासारखा जड. त्याची लेन्स बरणीच्या झाकणासारखी आट्यांवर फिरवून बसायची. उजेडात धरली की तिच्या काचेत जांभळी झाक दिसायची. लहानपणी मला ती हातात घ्यायची परवानगी नव्हती. पुढेही बरीच वर्षं मिळाली नाही, कारण मी मागितली नाही. आमच्या घरात थोरल्या भावाकडे काही मागायची रीत नव्हती. तो देईल ते घ्यायचं.

विसर्जनाच्या आदल्या दुपारी, महाप्रसादाच्या आधी, मांडवाशेजारच्या पायऱ्यांवर सगळी मराठी घरं उभी राहायची आणि दादा फोटो काढायचा. त्याची एक पद्धत होती. तो रस्त्यात बराच लांब जाऊन तिपाई मांडायचा. मग पायऱ्यांपासून कॅमेऱ्यापर्यंत पावलं टाकत यायचा, मनात अंतर धरायचा आणि लेन्सच्या कड्यावरचा आकडा त्याप्रमाणे फिरवायचा. त्या कड्यावर आकड्यांच्या शेवटी एक आडवा पडलेला आठ असतो. त्याचा अर्थ अनंत, म्हणजे लांबचं सगळं. दादाचा हात त्या आठाच्या जरा अलीकडे थांबायचा. डोळ्यांनी बघून फोकस करणाऱ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. "डोळा दमते," तो म्हणायचा. "अंतर दमत नाही."

शेवटी तो आपली सायकल आणून कॅमेऱ्यापुढे दोन-तीन पावलांवर, एका बाजूला, आडवी स्टँडवर लावायचा. याच्या पलीकडे फोटो होईपर्यंत कुणी जायचं नाही. रिक्षावाले, पोरं, गायी, सगळे त्या सायकलीपाशी थांबायचे. तिचं हँडल फोटोच्या खालच्या कोपऱ्यात डोकावायचं, म्हणून छापताना स्टुडिओवाला तेवढी पट्टी कापून टाकायचा. त्यामुळे भिंतीवरच्या त्या सगळ्या फोटोंत दादा नाही आणि त्याची सायकलही नाही. वहिनी मात्र प्रत्येकात आहे, दुसऱ्या रांगेत डाव्या टोकाला. तिची जागा कधी बदलली नाही. बायका आग्रह करायच्या, मधे ये म्हणून. ती म्हणायची, "यांच्या नजरेत मी इथंच बसली आहे. हलली तर शोधत बसतील."

पुढे कॅमेऱ्याच्या आतला कापडी पडदा फाटला. रायपुरात तो शिवून देणारा कुणी सापडला नाही. दादानं लेन्स काढून फडक्यात गुंडाळली आणि तांदळाच्या डब्यात ठेवली, दमट हवेनं बुरशी धरू नये म्हणून. फोटो तो दुसऱ्यांचे कॅमेरे मागून काढत राहिला, पण त्याचं मन त्यात नव्हतं.

मग छत्तीसगढ हे नवं राज्य झालं. भोपाळहून आम्ही बरेच जण रायपूरला आलो. मला शंकर नगरात सरकारी घर मिळालं. ज्या गावाला आम्ही धूळ आणि राइस मिल यांनी ओळखायचो, तिथे रातोरात लाल दिव्याच्या गाड्या फिरू लागल्या. पानठेल्याच्या पाटीवरसुद्धा 'राजधानी' हा शब्द चढला. सगळं काही दुसरीकडून आणून इथे जोडलं जात होतं. जुन्या इस्पितळात मंत्रालय, भाड्याच्या बंगल्यात संचालनालय, भोपाळची माणसं रायपूरच्या खुर्च्यांवर. आणि ते चालत होतं, याचं मला रोज नवल वाटायचं.

त्याच काळात मी डिजिटल कॅमेरा घेतला, एका जपानी कंपनीचा. ऑफिसच्या कामानं दिल्लीला गेलो असताना कॅमेऱ्यांच्या बाजारात एका दुकानात बोलता बोलता दादाच्या लेन्सची गोष्ट निघाली. दुकानदारानं ड्रॉवरमधून एक धातूची चपटी रिंग काढली. एका बाजूला माझ्या कॅमेऱ्याची खाच, दुसऱ्या बाजूला जुन्या लेन्सचे आटे. त्याला अडॅप्टर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

रिंगच्या मधे एक छोटी काच बसवलेली होती. ती कशाला, असं मी विचारलं, तेव्हा त्यानं नीट समजावलं. लेन्स आणि तिच्या मागची चित्र उमटायची जागा यांत एक ठरलेलं अंतर असतं, आणि प्रत्येक कंपनीचं ते वेगळं. फरक नखाएवढा. माझ्या कॅमेऱ्यात ते अंतर जरा जास्त होतं, म्हणून नुसती रिंग लावली तर लेन्स हवी त्याहून पुढे बसणार. तशा कॅमेऱ्याला जवळचं दिसतं आणि लांबचं दिसत नाही, जसं आपल्याकडे पोरांना फळ्यावरचं दिसत नाही तसं. मधली काच म्हणजे कॅमेऱ्याचा चष्मा.

"साहब, शीशा निकालना मत," तो म्हणाला. "निकालोगे तो पास का ग़ज़ब आएगा, पर दूर का गया समझो."

हे त्यानं मला सांगितलं होतं. विसरलो असं म्हणायला मला जागा नाही.

रायपूरला आल्यावर मी तडक तात्यापाऱ्यात गेलो. दादाच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डावा बाकी होता. तांदळाच्या डब्यातून लेन्स निघाली. मी रिंग कॅमेऱ्याला लावली, दादानं आपल्या हातानं लेन्स फिरवली आणि ती आटे धरत धरत जागेवर बसली. एका देशातल्या जुन्या कारखान्यात घडलेली वस्तू दुसऱ्या देशातल्या नव्या वस्तूत अशी जाऊन बसली की जणू ती तिथलीच होती. आम्ही दोघं गच्चीवर गेलो. दादानं कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला, आणि कडं फिरवत राहिला.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"माईच आहे," तो म्हणाला. म्हणजे त्याचीच, ती लेन्स. मग कॅमेरा खाली न घेताच, "तुय्या कॅमेऱ्याले माई लेन्स. आता हा दोघा भावांचा झाला बे, लहान्या."

तो मला लहान्या म्हणतो. मी आजोबा झालो तरी.

लेन्स त्यानं माझ्याकडेच राहू दिली. "वापर. पडून राहिली तर आंधळी होईन ते."

काच लावून काढलेले फोटो बरे यायचे, पण उन्हात त्यांच्यावर दुधासारखी साय धरायची. त्या स्वस्त काचेचा तो दोष होता. एका रविवारी मला दुकानदाराचं निम्मं वाक्य आठवलं, पास का ग़ज़ब आएगा. काचेच्या कडेला दोन बारीक खाचा होत्या. मी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं ती फिरवून काढली, फिल्मच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि अंगणातल्या तुळशीपुढे बसलो.

मंजिरीवरचं एकेक फूल मला दिसलं. आपण रोज पाणी घालतो त्या झाडाला इतकी बारीक, ओठ उघडलेली, जांभळी फुलं असतात, हे मला साठीच्या जवळ आल्यावर दिसलं. त्यांच्यावरची लव दिसली. लवेत अडकलेला परागाचा कण दिसला. आणि मागचं सगळं, भिंत, वाळत घातलेले कपडे, नळ, विरघळून गोल गोल दिव्यांसारखं झालं होतं. देवळात डोळे मिटून उघडल्यावर समोरच्या समया दिसतात तसं. मी कॅमेरा खाली घेतला आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. साधी तुळस होती. पुन्हा वर घेतला. पुन्हा ते.

बायको पायरीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढे हातभर अंतरावर बसलो. भुवईच्या टोकाशी देवीचा एक बारीक व्रण. नाकाच्या शेंड्यावर तांदळाची पिठी. कानाजवळच्या पांढऱ्या केसांतून ऊन आरपार जात होतं.

"काय बघून राहिले?" ती म्हणाली.

"फोटो काढतोय."

"मग काढा ना. तोंड कशाला उघडं ठेवलं?"

पुढचे काही आठवडे मी वेड लागल्यासारखा जवळचंच पाहत होतो. कुलपाचा गंज. चिमणीचं पडलेलं पीस. ऑफिसच्या फायलीची सुटलेली सुतळी. हे जग कायम इथेच होतं आणि मी त्यावर बसून जेवत होतो, असं काहीसं वाटायचं. लांबचं काही पाहावंसं मला वाटलंच नाही. काचेची डबी टेबलाच्या खणात राहिली.

त्या वर्षी गणपतीत दादानं विचारलं, "या साली माया लेन्सनं काढू ना फोटू?" मी कॅमेरा आणून त्याच्या हातात दिला. त्या क्षणी मला काच आठवली नाही, हे खरं आहे. या सगळ्या हकिकतीत माझ्या बाजूनं एवढं एकच वाक्य आहे.

दुपारचं ऊन तिरपं होऊ लागलं होतं. पायऱ्या भरल्या. मी मागच्या रांगेत होतो, वहिनी हिरव्या लुगड्यात आपल्या जागी. दादानं तिपाई मांडली, पावलं मोजत गेला, सायकल आडवी लावली, कॅमेऱ्याला डोळा लावला. आणि डोकं वर काढलं.

"लहान्या," तो लांबून ओरडला, "मले धुकं दिसून राहिलं."

"दादा, अगरबत्तीचा धूर असेल," कुणीतरी म्हणालं.

"अरे, चष्मा कुठी आहे यांचा?" दुसरा.

"चष्मा वहिनीकडेच ठेवा, त्याच बघतील." हशा झाला. मीही हसलो.

मंडळाचा सचिव तेव्हा पस्तिशीचा होता. तो म्हणाला, "काका, जल्दी करो, भात ठंडा हो रहा है."

दादानं पुन्हा पाहिलं. उजवा डोळा पुसला, डावा लावून पाहिला, पुन्हा उजवा. मग त्यानं नेहमीचंच केलं. डोळ्याला सोडलं आणि अंतराला धरलं. कडं आडव्या आठाच्या जरा अलीकडे आणून ठेवलं. "डोळ्याचं जाऊ द्या. आकडे खरे आहेत. हल्लू नका कोनी." चार-पाच वेळा खटका वाजला. कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर उन्हात काहीच नीट दिसत नव्हतं. आम्ही जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी संगणकावर ते फोटो उघडले.

पडदाभर रंग होते. पायऱ्यांच्या जागी केशरी, हिरवे, पिवळे, पांढरे ठिपके एकमेकांत सांडलेले. एकही चेहरा नाही. एवढी माणसं आणि कुणीही कुणी नाही. आणि खाली डाव्या कोपऱ्यात दादाच्या सायकलचं हँडल. ते असं स्पष्ट की हात पुढे करून धरावं. मुठीचं काळं रबर बोटांनी झिजून गुळगुळीत झालेलं. ब्रेकच्या तारेवर धुळीचे कण. आणि घंटी.

मी फोटो मोठा करत गेलो. घंटीच्या चकचकीत घुमटावर आख्खा पारा वाकून बसला होता. दोन्हीकडची घरं, वरून जाणाऱ्या तारा, आभाळ. आणि मधोमध, ज्वारीच्या दाण्याएवढा, एक माणूस. पायजम्यातला, पाय फाकवून उभा, तिपाईवर वाकलेला, कडं धरलेल्या हाताचं कोपर बाहेर आलेलं. दादा. इतक्या वर्षांच्या गणपतीच्या फोटोंतला दादाचा एकुलता एक फोटो, आणि तो त्याचा त्यानंच, नकळत काढलेला.

मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. आणि पाहता पाहताच दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. लेन्स लांबवर लावलेली होती आणि कॅमेऱ्यानं दोन-तीन पावलांवरचं पाहिलं होतं. सगळ्या फोटोंत सारखंच. दादाचं अंतर बरोबर होतं. आकडाही बरोबर होता. मी खण उघडला. डबीत काच होती.

ऑपरेशननंतर दादाला लांबचं लख्ख दिसायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गच्चीवरून तो नाक्यावरच्या बसची पाटी वाचायचा. लांबचं दिसत नव्हतं ते माझ्या कॅमेऱ्याला, आणि त्याचा चष्मा मी काढून ठेवला होता.

दादाकडे जायचं म्हणून मी सदरा चढवत होतो, तेवढ्यात सचिव आला. त्याला छापायला फोटो हवे होते. त्यानं पडदा पाहिला आणि खुर्चीत बसला.

"काल काका म्हणतच होते, धुकं दिसून राहिलं म्हणून," तो हळू आवाजात म्हणाला. "वय झालं आता. त्यांना वाईट वाटेल असं काही बोलू नका. विसर्जनाच्या आधी आज तीन वाजता पुन्हा सगळ्यांना उभं करतो. तुम्हीच काढा. खरं म्हणजे आता दरवर्षी तुम्हीच काढा."

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दांसकट आठवतं. मी म्हणालो, "ठीक आहे."

तो गेल्यावर मी काच रिंगमधे पुन्हा बसवली. रिकामी डबी खणात परत ठेवली.

दुपारी मांडवाकडे जाताना दादाच्या घरी थांबलो. तो ओसरीवर बसला होता. "बिघडला म्हणे फोटू," तो म्हणाला. "हलला का धुरकट आला?"

"धुरकट."

त्यानं उजव्या डोळ्यावर हात ठेवून डाव्यानं पाहिलं, मग डाव्यावर ठेवून उजव्यानं. "हाही गेला वाटते," तो म्हणाला. मी तिथे उभा होतो. माझ्या खांद्याला कॅमेरा होता आणि त्या कॅमेऱ्यात त्याचं उत्तर होतं. मी म्हणालो, "उशीर होतोय, येतो."

त्या दिवशीच्या माझ्या फोटोत सगळे चेहरे आले. तोच भिंतीवर आहे. नीट पाहिलं तर दुसऱ्या रांगेत डाव्या टोकाला दुसरीच बाई दिसेल. वहिनी आली नाही. निरोप न्यायला गेलेल्यांना तिनं सांगितलं, "ज्या फोटोच्या मागं हे नाहीत त्यात मी काय करू?" नंतरही कोणत्याच वर्षी ती आली नाही. काही वर्षांनी ती गेली. भिंतीवर ती दादाच्या शेवटच्या चांगल्या फोटोपर्यंत आहे, तिथून पुढे नाही. हेही माझ्याकडेच येतं.

दादानं कुठे तक्रार केली नाही. त्यानं फक्त मानलं. डोळ्यांचा भरवसा नाही म्हणून सायकल चालवणं सोडलं आणि ती पाऱ्यातल्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकली. बूढा तालाबापर्यंतची रोजची फेरी बंद झाली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन "आता काय उपेग" म्हणून लांबणीवर टाकत राहिला. बसची पाटी दिसत असूनही वाचेनासा झाला. दिसणाऱ्या माणसानं न दिसल्यासारखं जगायला सुरुवात केली आणि मी दरवर्षी त्याच्या जागी उभा राहून "हलू नका" म्हणत राहिलो. मला ते काम फार आवडायचं. हेही लिहिलं पाहिजे. दरवर्षी खटका दाबताना मला आनंद व्हायचा.

गेल्या वर्षी नातवानं मला नव्या पद्धतीचा कॅमेरा दिला. त्यात आतला आरसा नसतो, म्हणून लेन्सच्या मागे भरपूर जागा राहते. कुठल्याही कंपनीची जुनी लेन्स नुसत्या पोकळ रिंगवर बसते. मधे काच लागत नाही. जवळचंही दिसतं, लांबचंही. मी दादाची लेन्स लावली, गच्चीवर गेलो, कडं आडव्या आठापर्यंत फिरवलं. दूरच्या पाण्याच्या टाकीवरची शिडी पायरी-पायरीनं दिसली. ते पाहताना तुळशीपुढे वाटलं होतं तसंच नवल वाटलं. आणि मग वाटलं की आता मला लपायला काचसुद्धा उरली नाही.

मी दादाकडे गेलो. तो पंच्याऐंशीच्या पुढे आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन शेवटी झालं आहे. मी तो जुना फोटो टीव्हीच्या पडद्यावर लावला आणि सगळं सांगितलं, दिल्लीच्या दुकानापासून 'ठीक आहे'पर्यंत. तो ऐकत होता की फोटो पाहत होता, मला कळेना. मग उठला, टीव्हीजवळ गेला आणि रंगांच्या त्या धुक्यात डावीकडच्या एका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे तुयी वहिनी."

"कसं ओळखलं?"

"तथीच उभी राहते ते."

मी घंटी मोठी करून दाखवली. तो वाकला. "हा कोन आहे?"

"तू."

तो खूप वेळ स्वतःकडे पाहत राहिला. ज्वारीचा दाणा आता पडद्यावर हाताएवढा झाला होता. "पाय कसा फाकवून उभा आहे पाह्य," तो म्हणाला आणि थोडा हसला. मग खाली बसला.

"काहून नाही सांगतलं?"

मी खरं ते सांगितलं. "मले काढायचा होता फोटू." किती वर्षांनी माझ्या तोंडी घरची बोली आली.

"मंग मागून घ्यायचा होता ना बे," दादा म्हणाला. "देऊन टाकला असता."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. चहा आला तो आम्ही प्यायलो. निघताना म्हणाला, "सायकल काहून दिली मी?" ते मला विचारलं नव्हतं.

मंडळाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. सचिव आता पोक्त झाला आहे. तो म्हणाला, "काका, इतनी पुरानी बात. छोड़ो." बाकीचे आरतीच्या वर्गणीकडे वळले. धुरकट फोटो भिंतीवर लावायला कुणी तयार झालं नाही. म्हणून हे लिहिलं.

या वर्षी विसर्जनाच्या आदल्या दुपारी मी दादाला घेऊन गेलो. तिपाई मी मांडली, नव्या कॅमेऱ्याला त्याची लेन्स लावली, पण पावलं त्यानंच टाकली, काठी टेकत. मधेच थांबून कुणाची तरी सायकल मागितली. आजकालच्या त्या गिअरवाल्या सायकलीला घंटी नव्हती. तरी ती आडवी लावली. मी पायऱ्यांवर गेलो. दुसऱ्या रांगेत डाव्या टोकाला जागा दिसली म्हणून तिथे उभा राहायला लागलो.

"तथी नाही," दादा लांबून म्हणाला. "ते जागा सोड."

मी एका माणसाची जागा रिकामी सोडून उभा राहिलो. दादानं कॅमेऱ्याला डोळा लावला. कडं फिरलं. सगळे वाट पाहत होते. आमच्या मागे, पायऱ्यांच्या पलीकडच्या गल्लीत, कुणाच्या तरी फाटकावर हातानं रंगवलेली एक पाटी आहे. दादानं ती मोठ्यानं वाचली, अक्षर अक्षर लावून नव्हे, सरळ, "कृपया यहाँ वाहन खड़ा न करें." मग डोकं वर काढून, कॅमेऱ्याशिवाय, पुन्हा एकदा वाचली.

पायऱ्यांवर कुणी हसलं नाही. बऱ्याच जणांनी वळून पाटी पाहिली. सचिवानंही पाहिली. त्याला ती चष्म्यातूनही वाचता येत नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आता समोर पाहा सारे," दादा म्हणाला आणि खटका दाबला. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून बघत बसला, नाक टेकेल इतक्या जवळून.

"लहान्या," तो ओरडला, "तू हलला. उभा राह्य नीट, पुन्हा काढतो."